तारण आणि मुक्ती

वढू बुद्रुकला लोक येतात ते संभाजी महाराजांच्या समाधीसाठी. एरवी भीमेच्या काठचं हे साधं शेतीचं गाव. फाल्गुन अमावस्या जवळ आली की मात्र कोरेगाव भीमाच्या बाजूनं येणाऱ्या रस्त्यावर पायी चालणाऱ्यांची रीघ लागते. ‘धर्म’ हा शब्द इथं फार स्पष्ट अर्थानं उच्चारला जातो. जो जीव गेला तरी सोडायचा नसतो, तो धर्म. गावाची सगळी स्मृती त्या एका नकाराभोवती उभी आहे.

इथून शिक्रापूर, तळेगाव ढमढेरे, न्हावरे असं करत भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. उसाचे फड, गुऱ्हाळांचा धूर, आणि मग केडगाव. सगळा रस्ता मिळून दीड-दोन तासांचा. या केडगावात एका बाईनं आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षं काढली. तिनं आपला जन्माचा धर्म सोडला होता, दुसरा घेतला होता, आणि त्या दुसऱ्या धर्माचा ग्रंथ हिब्रू आणि ग्रीकमधून मराठीत आणण्यात तिची अखेरची सतरा-अठरा वर्षं गेली. पंडिता रमाबाई. वढू आणि केडगाव ही दोन गावं एका दुपारी पाहून होतात, पण एका लेखात सहसा येत नाहीत. एकाच नदीच्या खोऱ्यात धर्म न सोडण्याची कथा आणि धर्म सोडण्याची कथा शेजारी शेजारी नांदतात, हे आपल्याला अवघड वाटत असावं. (केडगावातच नारायण महाराजांचं दत्तमंदिरही आहे, हे जाता जाता. खुद्द गावाला या शेजाराचं काही अवघड वाटल्याचं दिसत नाही.)

ख्रिस्ती शास्त्र श्रद्धेबद्दल आणि रोजच्या जगण्याबद्दल काय शिकवतं, हा प्रश्न विचारला की बहुधा एक यादी हातात पडते. दहा आज्ञा, डोंगरावरचं प्रवचन, शेजाऱ्यावर प्रीती करा, शत्रूला क्षमा करा. यादी खोटी नाही. पण रमाबाईंच्या आयुष्यात हा प्रश्न यादीच्या रूपानं कधीच आला नाही. त्यांच्यापुढे तो असा आला: हे शास्त्र कोणाला वाचता येतं? कोणत्या शब्दांत? आणि त्या शब्दांचा विहिरीशी, चुलीशी, भाकरीशी काही संबंध लागतो का?

*

रमाबाईंच्या हातात पहिलं बायबल पडलं ते संस्कृतमधलं. साल १८७८, ठिकाण कलकत्ता. वय वीस. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण, तिघंही दुष्काळात उपासमारीनं गेली होती. अनंतशास्त्र्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि आईनं मुलीला. भागवताचे अठरा हजार श्लोक मुलीला मुखोद्गत. उरलेला एक भाऊ, श्रीनिवास, त्याच्याबरोबर ती पायी देश तुडवत बंगालमध्ये पोचली आणि तिथल्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

त्याच दिवसांत या भावंडांना ख्रिस्ती मंडळींनी एका बैठकीला बोलावलं. पुढे १९०७च्या सुमारास लिहिलेल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी ही हकीकत सांगितली आहे आणि ती वाचताना आजही हसू येतं. तिथं गोऱ्या लोकांबरोबर बसून चहा-बिस्किटं खाणारे आपले लोक पाहिल्यावर कलियुग कलकत्त्यात तरी पुरतं अवतरलं आहे, अशी त्यांची खात्री झाली. मग प्रार्थनेची वेळ आली. सगळे उठले, वळले आणि ज्या खुर्च्यांवर बसले होते त्यांच्यापुढेच गुडघे टेकून बसले. देवाची मूर्ती कुठं दिसेना. तेव्हा हे लोक खुर्च्यांची पूजा करतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

निघताना त्यांना संस्कृत बायबल भेट मिळालं. आणि इथं खरी गंमत आहे. ज्या बाईच्या संस्कृतपुढे कलकत्त्याचे पंडित नमले होते, तिला ते संस्कृत बायबल कळलं नाही. शब्द ओळखीचे होते, व्याकरणही असणार. पण ज्या वाङ्मयात ती वाढली होती त्याच्याशी या भाषेचा काही मेळच बसेना. वाचण्यात वेळ फुकट जातो आहे असं वाटून भावंडांनी ते बाजूला ठेवलं.

मिशनऱ्यांचा हिशेब सरळ होता. ब्राह्मणांपर्यंत पोचायचं तर संस्कृतमधून पोचा. पण संस्कृत म्हणजे नुसती लिपी-व्याकरणाची चौकट नव्हे. तिथला प्रत्येक शब्द आधीच कुणाच्या तरी घरी राहायला गेलेला असतो. ‘आत्मा’ म्हटलं की उपनिषदं येऊन बसतात, ‘अवतार’ म्हटलं की दशावतार. रमाबाईंना ही अडचण कुणी पुस्तकातून शिकवली नाही, त्यांच्यावर ती गुदरली. पंचवीस-तीस वर्षांनी भाषांतराला बसताना त्यांनी जे केलं त्याचं मूळ मला या फसलेल्या वाचनात दिसतं.

दुसरं पुस्तक भेटलं ते आसामात, सिल्चरला. भाऊ वारला होता. रमाबाईंनी १८८०मध्ये बिपिन बिहारी दास मेधावी या शूद्र मानल्या गेलेल्या जातीतल्या वकिलाशी नोंदणी विवाह केला होता. नवऱ्याच्या पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाचं एक बंगाली भाषांतर होतं. छोटंसं, साध्या भाषेतलं. ते त्यांनी वाचलं आणि कळलंही. नवऱ्याला ही आवड फारशी रुचली नाही. पण फेब्रुवारी १८८२मध्ये पटकीनं तोही गेला, आणि वर्षभराच्याही आतल्या मनोरमेला कडेवर घेऊन ही विधवा पुण्याला आली.

*

पुढची चरित्रकथा मराठी वाचकाला बरीचशी माहीत असते. आर्य महिला समाज, हंटर आयोगापुढची साक्ष, ‘स्त्रीधर्मनीति’, १८८३मध्ये इंग्लंड, वाँटेजच्या जोगिणींच्या मठात मुक्काम आणि २९ सप्टेंबर १८८३ला मायलेकींचा बाप्तिस्मा. पुण्यात गहजब झाला. जोतीराव फुल्यांनी मात्र ‘सत्सार’मधून १८८५मध्ये त्यांची बाजू घेतली. मी इथं थांबतो ते फक्त एका प्रसंगापाशी, कारण त्यात शास्त्र आणि रोजचं जगणं यांची गाठ पडते.

वाँटेजच्या जोगिणी लंडनच्या फुलम भागात एक आश्रम चालवत. वाट चुकलेल्या, किंवा समाजानं तसा शिक्का मारलेल्या बायकांसाठी. रमाबाईंना तिथं नेलं गेलं. अशा बायकांना कुणी प्रेमानं जवळ करतं, हे त्यांनी आयुष्यात प्रथम पाहिलं. हिंदू शास्त्रं त्यांना पाठ होती आणि त्यांत अशा बाईसाठी शिक्षाच तेवढी होती. हे तुम्ही का करता, असं विचारल्यावर एका जोगिणीनं त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय सांगितला. शोमरोनी स्त्रीचा.

हा अध्याय महाराष्ट्रातल्या कोणत्याही खेड्यात वाचून दाखवा, तळटीप लागणार नाही. भर दुपारची वेळ, गावाबाहेरची विहीर, एक परका पुरुष कठड्याशी थकून बसलेला. एक बाई घागर घेऊन येते. तो पाणी मागतो. ती चमकते: तू यहुदी, मी शोमरोनी, माझ्या हातचं पाणी तू मागतोस कसा? यहुदी आणि शोमरोनी यांच्यात व्यवहार नव्हता. भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही, असाही त्या ओळीचा अर्थ काही अभ्यासक लावतात. युरोपातल्या वाचकाला इथं इतिहास समजावून सांगावा लागतो. शिरूर-दौंडच्या माणसाला लागत नाही. गावची विहीर कुणाची आणि कुणाला तिथं पोहरा टाकता येत नाही, हे एकोणिसाव्या शतकात इथल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. ते नंतरही बराच काळ ठाऊक राहिलं.

बाईचे पाच नवरे झालेले, आणि सध्या ज्याच्याबरोबर राहते तो नवरा नव्हे. हे त्याला माहीत आहे. तरी तो तिच्याशी धर्मावर बोलतो. देवाची उपासना या डोंगरावर करायची की यरुशलेमेत, हा तिचा प्रश्न तो टाळत नाही. खरे उपासक या डोंगरावरही नाही आणि यरुशलेमेतही नाही, आत्म्यानं आणि खरेपणानं उपासना करतील, असं सांगतो. शिष्य परत येतात आणि त्यांना नवल वाटतं ते हा बाईमाणसाशी बोलतो आहे याचं. आणि बाई घागर तिथंच टाकून गावात जाते.

रमाबाईंनी नंतर लिहिलं की हे ऐकल्यावर त्यांना कळलं, हिंदुस्थानातल्या स्त्रीला उचलून धरणारा हाच. आपण ते मान्य करावं असा आग्रह नाही. पण त्यांना काय भिडलं ते पाहण्यासारखं आहे. त्रैक्याचा सिद्धांत नाही, चमत्कार नाहीत. विटाळाचं पाणी मागणारा आणि बाईशी तत्त्वज्ञान बोलणारा एक माणूस.

सिद्धांतांशी तर त्यांचं जमतच नव्हतं. बाप्तिस्मा घेतल्यावर दोन वर्षं त्या वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून भांडत होत्या. ही पत्रं छापलेली आहेत आणि माझ्या मते रमाबाई कळण्यासाठी त्यांच्या कोणत्याही चरित्रापेक्षा ती जास्त उपयोगी आहेत. त्रैक्य बायबलात स्पष्ट कुठं सांगितलं आहे, हा त्यांचा प्रश्न. मी ख्रिस्ताच्या मंडळीत आले, इंग्लंडच्या चर्चमध्ये नव्हे, हे त्यांचं म्हणणं. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून महत्प्रयासानं सुटले, आता दुसऱ्याचं जू मानेवर घेणार नाही, हेही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती, तर त्यांनी विचारलं की आमच्या संस्कृतपेक्षा लॅटिनमध्ये असं काय जास्त आहे? त्या पुरुषांना शिकवणार अशी गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. ज्या बाईनं कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत पुरुषांच्या सभा गाजवल्या होत्या तिला ही हरकत किती झोंबली असेल.

आणि अंडं. सगळ्यात चिवट भांडण जेवणावरून झालं. रमाबाई मांस-मासे खात नव्हत्या, अंडं घातलेलं पक्वान्नही नाही, आणि मनोरमेलाही देऊ देत नव्हत्या. जेराल्डिनबाईंना यात जातीचा अहंकार उरलेला दिसला. रमाबाईंचं उत्तर असं की ज्या चालीरीतींनी कुणाचं नुकसान होत नाही त्या पूर्वजांच्या चालीरीती मी पाळीन, आणि मला हिंदू म्हटलेलं आवडतं.

याबद्दल शास्त्र काय सांगतं? पौलानं रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा चौदावा अध्याय नेमका याच तंट्यावर आहे. कुणी सगळं खातो, कुणी फक्त भाजीपाला. खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये, न खाणाऱ्यानं खाणाऱ्याला दोषी ठरवू नये. गंमत म्हणजे भाजीपाला खाणाऱ्याला पौल विश्वासानं ‘दुर्बळ’ म्हणतो. त्या काळी बाजारातलं मांस मूर्तीपुढे वाहिलेलं असू शकायचं, त्या धास्तीनं काही जण ते टाळत असावेत. करिंथच्या मंडळीला तो लिहितो की माझ्या खाण्यानं भावाला अडखळण होत असेल तर मी मांस कधीच खाणार नाही. म्हणजे शास्त्र दोघींच्या बाजूनं होतं आणि दोघींच्या विरुद्धही. सिस्टर जेराल्डिनना अहंकार दिसला, तो शोधताना आपण पौलाचा अर्धा सल्ला मोडतो आहोत हे दिसलं नाही. रमाबाईंच्या मनात जातीचा काहीच अंश उरला नव्हता, असंही मी म्हणणार नाही. जन्मभराची सवय कागदावरच्या तर्कानं जात नसते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त हे फार प्रांजळपणे आलं आहे. नवरा १८९५मध्ये ख्रिस्ती झाला, आणि या बाईला विटाळ सोडायला पुढे किती काळ स्वतःशी झगडावं लागलं. तो सुटला तेव्हा मात्र कुणाच्या उपदेशानं नाही, स्वतः विचार करून सुटला, आणि त्यानंतर बाप्तिस्मा झाला.

*

११ मार्च १८८९ला रमाबाईंनी मुंबईत चौपाटीला शारदा सदन उघडलं. संभाजी महाराजांच्या मृत्यूची तारीख ११ मार्च १६८९ अशी सांगतात. बरोबर दोनशे वर्षं. योगायोग, दुसरं काही नाही. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आलं. तिथं धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचं ठरलं होतं. विधवांना त्यांचे सोवळे-ओवळे पाळण्याची मोकळीक होती. पण रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार लावून घेत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३मध्ये वादळ उठलं, ‘केसरी’नं झोड उठवली, रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या.

त्या उघड्या दाराचा मी बराच विचार केला आहे. रमाबाई म्हणत, माझ्या घरात मी प्रार्थना करते, आईजवळ मुली येतात तशा या येतात, त्यांना हाकलू का? विरोधक म्हणत, ज्या मुलीला जगात दुसरा आसरा नाही तिच्यासाठी उघडं दार म्हणजेच आमंत्रण. माझ्या मते दोघंही खरं बोलत होते. पण दार लावा म्हणणाऱ्यांतल्या फार थोड्यांनी त्या मुलींसाठी दुसरं एखादं दार उघडलं होतं, हेही नोंदवलं पाहिजे. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३मध्ये शारदा सदनातल्याच गोदूबाईंशी लग्न केलं आणि पुढे स्वतःचा आश्रम काढला, तो अपवाद.

१८९६-९७मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. वीस वर्षांपूर्वी ज्या भुकेनं आईवडील नेले तीच ही भूक. रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, तिथं ठेवता येईना. केडगावला रेल्वेलगत फळबागेसाठी घेतलेली जमीन होती. तिथं झोपड्या आणि तंबू पडले. मग १९००चा गुजरातचा दुष्काळ. त्या सुमारास तिथली वस्ती दीड हजाराच्या घरात गेली. कोण कुठल्या जातीची, हे विचारायची सोयच उरली नाही. पुण्यातली वेगळी चूल केडगावला आली नाही. हा बदल कोणत्याही प्रवचनानं झाला नसता.

या वस्तीला नाव दिलं ‘मुक्ती’. यशया संदेष्ट्याच्या साठाव्या अध्यायात उद्ध्वस्त नगरीला वचन आहे की तुझ्या भिंतींना हे नाव पडेल. तिथून ते घेतलं. वेगवेगळ्या घरांची नावं कृपा सदन, प्रीती सदन अशी. आंधळ्यांच्या घराला बार्तीमयाचं नाव, येशूनं दृष्टी दिलेल्या वाटेवरच्या भिकाऱ्याचं. शेती, हातमाग, तेलघाणी, गाईगुरं आणि छापखाना. छापखान्यात खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंत बायका.

इथं एक कठीण प्रश्न आहे आणि तो टाळून पुढे जाणं मला प्रामाणिक वाटत नाही. उपाशी पोराला भाकर दिली आणि त्याच घरात नवा धर्म दिला, तर ते पोर धर्म ‘निवडतं’ का? मुक्तीत तटस्थतेचं वचन नव्हतं. ते घर उघड ख्रिस्ती होतं आणि रमाबाईंनी ते कधी लपवलं नाही. मुली वाढल्या त्या त्या धर्मातच. पण मग असंही विचारावं लागतं की आपल्यापैकी कोणी धर्म निवडला आहे? मूल ज्या हातानं जेवतं त्या हाताचा देव मानतं, हे केडगावइतकंच वढूलाही खरं आहे. फरक एवढाच की एकीकडे हात आईचा असतो. हा फरक लहान नाही. पण या मुलींच्या आया दुष्काळात रस्त्याकडेला पडल्या होत्या, नाहीतर त्यांना वैधव्याच्या पोटी घरातून बाहेर काढलं होतं, हे विसरून हा प्रश्न विचारणं सोपं जातं.

*

मराठीत बायबल आधीपासून होतं. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सनं १६१६मध्ये ‘क्रिस्तपुराण’ छापलं, अकरा हजारांच्या आसपास ओव्या, रोमन लिपीत. ते भाषांतर नव्हतं, पुराण होतं, आणि म्हणून लोकांच्या कानाला गोड लागलं. श्रीरामपूरला विल्यम केरीनं वैद्यनाथ पंडिताच्या मदतीनं १८०५मध्ये मत्तयाचं शुभवर्तमान आणि १८११मध्ये नवा करार छापला. मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांचा नवा करार १८२६चा, आणि संपूर्ण बायबल १८४७चं. अमेरिकन मराठी मिशनचं एक ठाणं शिरूरलाही होतं. तेव्हा या भागात मराठी बायबल नवीन नव्हतं.

मग रमाबाईंना पन्नाशीच्या उंबरठ्यावर हिब्रू आणि ग्रीक शिकून पुन्हा भाषांतर करावं असं का वाटलं? कारण समोर बसलेल्या बायकांना ते कळत नव्हतं. प्रचलित भाषांतर पंडिती मराठीत होतं. ते करणारे परदेशी आणि त्यांना मदत करणारे शास्त्री, दोघांनाही ग्रंथाची भाषा भारदस्त हवी होती. रमाबाईंना दोन गोष्टी खटकल्या. शब्द अवघड, ही एक. आणि त्या शब्दांना वेदान्ताचा वास, ही दुसरी. कलकत्त्याचं ते बाजूला ठेवलेलं पुस्तक आठवावं.

१९०५च्या आसपास काम सुरू झालं. एक एक शब्द मूळातून, अर्थ अगदी शब्दशः, आणि मराठी गावातल्या बाईची. ज्या बाईला अठरा हजार श्लोक पाठ, तिनं आपलं संस्कृत मुद्दाम म्यानात घालून ठेवलं. हे मला या सगळ्या कहाणीतलं सर्वांत मोठं देणं वाटतं. घर, जात, देश सोडणारे पुष्कळ असतात. ज्या गोष्टीत आपण अव्वल आहोत ती सोडणारे विरळा. नारायण वामन टिळकांनी उलट वाट धरली. त्यांनी अभंग-ओवी-कीर्तनाचा आपला वारसा उचलून ख्रिस्ताच्या चरणी ठेवला, आणि मराठी चर्चमध्ये आजही गायले जातात ते टिळक. कविता म्हणून टिळकांची वाट अधिक सुंदर, यात वाद नाही. पण टिळकांचा अभंग गोड लागायला कानात आधी तुकाराम असावा लागतो. दुष्काळातून आलेल्या गुजराती किंवा गोंड मुलीच्या कानात तो नव्हता.

साधी मराठी शोधू लागलं की एक नवलाची गोष्ट घडते. बायबलातलं दैनंदिन जग मराठी खेड्याच्या फार जवळ येऊन उभं राहतं. इंग्रजी वाचकाच्या ‘ब्रेड’ला मराठी बायबलांत भाकर म्हणतात, येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेतही रोजची भाकरच मागितली जाते. पाच हजारांना जेवू घातलं त्या कथेतल्या पाच भाकरी सातूच्या होत्या. गव्हाच्या पावापेक्षा त्या आपल्या बाजरीच्या जास्त जवळच्या, म्हणजे गरिबाच्या. ज्यांनी झाडपाला खाऊन दिवस काढले त्यांना ‘आजची भाकर आज दे’ या मागणीत रूपक शोधावं लागत नव्हतं.

किंवा रूथची गोष्ट घ्या. सून विधवा, सासू विधवा, दोघी उपाशी. सून परक्या गावात सातूच्या कापणीला मजुरांच्या मागं मागं जाऊन सांडलेली कणसं वेचते. इंग्रजीत या कृतीसाठी जो शब्द आहे तो आता शहरी वाचकाला कोशात पाहावा लागतो. मराठीत आपण सरळ ‘सरवा वेचणं’ म्हणतो. शेताच्या कडेचं पीक कापू नका, सरवा गोळा करू नका, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या, असा नियम लेवीयच्या पुस्तकात आहे. शिरूरच्या ज्वारी-बाजरीच्या रानात हीच चाल कोणत्याही शास्त्राशिवाय चालत आली. आणि कथेच्या शेवटी ती विधवा पुन्हा लग्न करते, तिला मूल होतं, त्या वंशात दावीद राजा जन्मतो. मुक्तीच्या अंगणात डोकी भादरलेल्या दहा-बारा वर्षांच्या विधवा बसून हे ऐकत होत्या. त्यांना काय वाटलं असेल याची नोंद नसली तरी चालेल.

सगळेच शब्द असे हाताशी नव्हते. ख्रिस्ती शास्त्रातला सर्वांत मोठा शब्दच घ्या. पापातून सोडवणं, वाचवणं. मराठी बायबलांत त्यासाठी ‘तारण’ रूढ झालं. तारणं म्हणजे पार नेणं, बुडू न देणं. संतांच्या तोंडचाच शब्द. पण बाजारात तारण म्हणजे गहाण. आजही नगर रस्त्यानं जाताना पतसंस्थांच्या पाट्यांवर ‘सोनेतारण कर्ज’ लिहिलेलं दिसतं. शेतकऱ्याच्या बायकोला तारण म्हटलं की मंगळसूत्र आठवणार. गंमत अशी की हा अर्थ मूळापासून फार दूर नाही. बायबलातही सोडवणुकीची भाषा कर्जाची आणि दास्याचीच आहे: गहाण पडलेली जमीन किंवा विकला गेलेला भाऊबंद किंमत मोजून सोडवून आणणं. रूथच्या गोष्टीतला बवाज नेमकं हेच करतो.

आणि रमाबाईंनी घराला नाव दिलं ते ‘मुक्ती’. वेदान्ताचा वास नको म्हणणाऱ्या बाईनं वेदान्तातला सर्वांत जड शब्द उचलून कमानीवर लावला. विसंगती आहेच. मला ती आवडते. शास्त्र्यांची मुक्ती म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. केडगावच्या बाईला मुक्ती म्हणजे रेल्वेनं उतरून जायचं ठिकाण, जिथं दोन वेळा जेवायला मिळतं आणि अक्षरं शिकवतात. शब्द तोच राहिला, त्यात राहणारी माणसं बदलली.

*

बाईनं एकटीनं सगळं बायबल भाषांतरित करणं, हे जगात त्याआधी एकदा घडलं होतं. अमेरिकेत कनेटिकटमधल्या ग्लास्टनबरीच्या ज्युलिया स्मिथनं हिब्रू-ग्रीकमधून केलेलं इंग्रजी बायबल १८७६मध्ये स्वतःच्या पैशानं छापलं. त्याच बहिणी मताधिकार नाही तर करही नाही म्हणून अडून बसल्या होत्या आणि जप्तीत त्यांच्या गाई गेल्या होत्या. स्मिथबाईंचं भाषांतर इतकं शब्दशः आहे की वाचवत नाही, असं जाणकार म्हणतात.

रमाबाईंच्या भाषांतरावरही शब्दशः असल्याचा आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. शब्द सोपे निवडले, पण मूळ हिब्रूची रचना न सोडण्याच्या आग्रहापायी वाक्य काही ठिकाणी अडखळतं. देवाच्या शब्दाला आपल्या पदरचं काही लावायचं नाही ही एक निष्ठा, आणि समोरच्या बाईला कळलं पाहिजे ही दुसरी. दोन्ही निष्ठा एका वाक्यात नेहमी मावत नाहीत. जिथं मावल्या नाहीत तिथं रमाबाईंनी बहुतेक वेळा मूळाची बाजू घेतली. मराठी चर्चमध्ये बायबल सोसायटीचंच भाषांतर चालत राहिलं, ते यामुळेही असेल.

२४ जुलै १९२१ला मनोरमा गेली. जिच्या हाती सगळं सोपवायचं ठरलं होतं ती आधी गेली. रमाबाई आजारी होत्या, ऐकू कमी येत होतं, तरी मुद्रितं तपासत राहिल्या. मुक्तीत सांगतात की काम पुरं होण्याइतके दिवस त्यांनी देवाकडे मागून घेतले होते आणि शेवटचं मुद्रित हातावेगळं झाल्यावरच त्या गेल्या. ५ एप्रिल १९२२. छपाई आणखी दोन वर्षं चालली. १९२४मध्ये संपूर्ण बायबल केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडलं. त्याचे खिळे जुळवणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणी केडगावला आल्या तेव्हा त्यांना एकही अक्षर येत नव्हतं.